परशुरामपंतांचा येस

ठाण्याच्या एका कचेरीत परशुरामपंतांनी चोवीस वर्षं मोडी लिहिण्यात घालवली होती. मग नवा साहेब आला. दसऱ्यापर्यंत ज्याला इंग्रजीत उत्तर देता येणार नाही, त्याची बदली खडवलीच्या नाक्यावर, असा हुकूम निघाला. खडवलीला जंगल होतं, हिवताप होता आणि पंतांच्या पत्नी गोदाबाईंच्या मते तिसरं काही नव्हतं.

शिकवायला घरचाच माणूस मिळाला: मॅट्रिक झालेला जावई, प्रभाकर. अडचण हीच होती. पहिल्याच दिवशी त्याने सासऱ्यांची एक चूक काढली. शेचाळीस वर्षांच्या पंतांनी पुस्तक मिटलं आणि ते जेवायलाही उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी गोदाबाईंनी जावयाला दाराआडून सांगितलं, की शिकवा, पण चुका तेवढ्या काढू नका. त्यानंतर अभ्यास सुरळीत चालला.

वाल सोलणाऱ्या गोदाबाईंपुढे पंत घडाघडा इंग्रजी बोलत. बाईंना त्यातलं अक्षर कळत नसे, म्हणून पंतांना भीती नसे. कचेरीत मात्र साहेबाचे बूट वाजले, की क्रियापदं पळून जात.

एकदा प्रभाकरने विचारलं, "यू आर नॉट टायर्ड?"

"येस," पंत म्हणाले. म्हणजे, हो, दमलो नाही. मराठीत ते बरोबरच होतं. प्रभाकरने तोंड उघडलं, मग त्याला सासूबाई आठवल्या.

परीक्षेच्या दिवशी अंगरखा घामाने भिजला, पण पंतांनी सगळी उत्तरं दिली. साहेब खूश झाला. त्याने मायेने विचारलं, "सो, यू डू नॉट विश टु गो टु खडवली?"

खडवलीला जायची इच्छा नाही ना? चार महिन्यांत इतका स्वच्छ कळलेला हा पहिलाच प्रश्न. भीतीतून तरलेले पंत आनंदात बुडाले.

"येस सर. येस सर."

साहेबाने भुवया उंचावल्या आणि इच्छेप्रमाणे लिहून दिलं.

घरी गोदाबाई पेटी भरू लागल्या. प्रभाकर हळूच म्हणाला, "मामा, तिथे 'नो' म्हणायचं असतं."

"हे तुम्हांला ठाऊक होतं, जावईबुवा?"

प्रभाकरने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई लुगड्याची घडी पुन्हा घालत होत्या.

"माझ्यावर रागावला नाहीत ना?" त्याने पंतांना विचारलं.

पंत पेटीवर टेकले. फार दमले होते.

"येस," ते म्हणाले.

हा येस मराठी की इंग्रजी, हे विचारायची जावयाची छाती झाली नाही.