कॅशियरबाईंची बोटं

ही गोष्ट दोन हजार एकोणीस सालची. घरातली वस्तू विकायची म्हणजे चार ओळखीच्यांच्या कानावर घालायची, ही जुनी रीत तोवर जवळपास संपली होती. फोनवर फोटो टाकायचा आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. त्या वर्षी धाकटीने आपलं भरतकामाचं मशीन असंच विकायला काढलं.

धाकटी म्हणजे कॅशियरबाईंची धाकटी बहीण. नवरा नऊ वर्षांपूर्वी कामाला जातो म्हणून घराबाहेर पडला, तो गेलाच. तेव्हापासून ती लोकांचे कपडे शिवायची, कापडावर वेलबुट्ट्या भरायची. बारा सुयांचं ते मशीन तिने पोटाला चिमटा घेऊन घेतलं होतं आणि त्याचा शेवटचा हप्ता फिटून पुरतं वर्षही झालं नव्हतं.

कॅशियरबाई तिच्याकडे राहायला आल्या त्याला तीन वर्षं झाली होती. बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा हेड कॅशियर म्हणून. पण निवृत्तीच्या वेळी हाती आलेला सगळा पैसा नवऱ्याच्या आजारपणात गेला, आणि शेवटी नवराही गेला. मागे उरली बेताची पेन्शन आणि नाव. नाव मात्र मोठं होतं. अजूनही रस्त्यात कोणी भेटलं की म्हणे, "बाई, तुमच्यासारखी बोटं पुन्हा त्या काउंटरवर आली नाहीत हो."

आणि ते खरंच होतं. नोटा हाताने मोजायचा तो काळ. ओला स्पंज, वाटीत पाणी, नोटा उडू नयेत म्हणून बंद ठेवलेला पंखा, घामाने चिकटलेली मान. शंभराच्या गड्डीत एक खोटी असली तरी कॅशियरबाईंचं बोट तिच्यावर अडायचं. चालताना चपलेत खडा यावा, तसं. मान वर न करता त्या ती नोट बाजूला काढायच्या.

मशीन विकायचं कारण होती धाकटीची मुलगी. नर्सिंगच्या शाळेसाठी ती तीन वर्षं परीक्षा देत होती. दोनदा थोडक्यात हुकलं. तिसऱ्या वेळी यादीत नाव लागलं, तेही अगदी तळाला. वयाची अट अशी की पुढच्या वर्षी तिचा अर्जच घेतला गेला नसता. नव्वद हजार फी, शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत. दोन वाजून एक मिनिट झालं की जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला.

"मशीन गेलं तर तू खाशील काय?" कॅशियरबाईंनी विचारलं.

"हाताने शिवीन. हात काय विकायला काढले नाहीत अजून."

जाहिरात पोरीने टाकली. मग निरोपांचा पाऊस. एकाने निम्म्यात मागितलं. एक म्हणाला, बदल्यात व्यायामाची सायकल देतो. एकीने मशीन सोडून खालच्या टेबलाची किंमत विचारली.

"सायकल घेऊ या का आई? फी भरायला सायकलवरून जाईन," पोर म्हणाली.

"जागच्या जागी फिरणारी सायकल ती! तुझ्या बापासारखी. आवाज फार, पोचत कुठेच नाही."

बुधवारी एकाचा फोन आला. भाव न पाडता नव्वद कबूल. पैसे फोनवरून पाठवतो म्हणाला, पण कॅशियरबाईंनी हात हलवून नाही सांगितलं. फोनवरच्या पैशांत किती जण बुडाले ते त्या रोज पेपरात वाचत होत्या. "रोख आण म्हणावं. नोट हातात आली की आपली."

गुरुवारी भर दुपारी तो आला. चाळिशीचा, स्वच्छ इस्त्रीचा, बरोबर टेम्पो आणि दोन हमाल. बोलणं साखरेत घोळलेलं. बायकोने घरगुती धंदा काढलाय म्हणाला. मशीन चालवून बघितलं, सुया मोजल्या, तेल कुठलं घालता तेसुद्धा विचारलं. मग टेबलावर पाकीट ठेवलं.

"मावशी, मोजून घ्या. आणि नीट पारखून घ्या हं, हल्ली कोणाचा भरवसा नाही."

"आमची ताई बँकेत हेड कॅशियर होती," धाकटी म्हणाली.

"अरे बापरे! मग घाबरायचं मीच!" तो हसला आणि कानाला हात लावला.

पोर मात्र हळूच म्हणाली, "मावशी, खालच्या औषधाच्या दुकानात नोटांचं मशीन आहे. दोन मिनिटांत तपासून आणते."

कॅशियरबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की पोर गप्प झाली. "औषधवाल्याचं मशीन माझ्यावर देखरेख करणार? बस तिकडे."

आणि त्या मोजायला बसल्या. पंखा बंद करायला लावला. बोट ओलं केलं. पाचशेच्या एकशे ऐंशी नोटा, पानं सरसर उलटावीत तशा.

त्यांच्या बोटांना काहीही कळलं नाही. ते दोन वर्षांपासूनच कळत नव्हतं. आधी शेंडे बधिर झाले, मग पहिल्या पेरापर्यंत. गरम भांडं उचललं की वासावरून समजायचं की कातडी भाजली. डॉक्टरने साखर सांगितली, गोळ्या दिल्या आणि गेलेलं परत येईलच असं नाही, हेही सांगितलं. कॅशियरबाईंनी ते कागद ट्रंकेच्या तळाला ठेवले. बहिणीच्या घरात आश्रित म्हणून आलेल्या बाईकडे तेवढी एकच गोष्ट स्वतःची होती, आणि ती गेली हे सांगायला जीभ रेटली नाही. वरच्या चार नोटा त्यांनी उजेडात धरल्या, खालच्या चार धरल्या. त्या चोख होत्या. मधल्यांच्या वेळी हमाल दाराशी चुळबुळ करत होते, तो माणूस आदराने बघत होता, धाकटीचा जीव टांगणीला लागला होता.

"बरोबर आहेत," कॅशियरबाई म्हणाल्या.

मशीन जिना उतरलं. धाकटी कठड्याला धरून ते टेम्पोत चढेपर्यंत बघत राहिली आणि मग आत येऊन मोकळ्या जागेवर झाडू फिरवू लागली.

शुक्रवारी पोर सकाळीच शाळेच्या फीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. एवढी रोकड घेऊन रांगेत ताटकळायचं नाही, म्हणून कॅशियरबाई आधी आपल्या जुन्या बँकेत पैसे खात्यात भरून ड्राफ्ट काढायला गेल्या. काउंटरवर एक चष्मेवाला कॅशियर होता. त्यांच्याच हाताखाली शिकलेला. "या मॅडम!" म्हणत त्याने गड्डी मशीनमध्ये घातली.

मशीन फरफरलं आणि थांबलं. त्याने नोट काढली, पुन्हा लावलं. पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा थांबलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, जरा आत येता?"

आतल्या खोलीत त्याने दोन ढीग केले. वरच्या दहा आणि खालच्या दहा, अशा वीस खऱ्या. एकशे साठ खोट्या.

"छपाई चांगली आहे," तो खाली बघून म्हणाला, "पण कागद… मॅडम, कागद तर हाताला लगेच…"

नियम कॅशियरबाईंना पाठ होता. खोट्या नोटा जप्त, वर शिक्का, पोलिसांना कळवायचं. बदल्यात दमडी मिळत नाही. कितीजणांना त्यांनी स्वतः हेच सांगितलं होतं. कोणी काउंटरची जाळी धरून रडलं, कोणी शिव्या दिल्या; त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या होत्या.

चष्मेवाल्याने दार लोटलं. सगळ्या नोटा पुन्हा पाकिटात घातल्या आणि त्यांच्यापुढे सरकवल्या. "मी अजून नोंद केलेली नाही. तुम्ही आलाच नव्हता असं समजा."

"तुझी नोकरी जाईल."

"तुम्ही जा, मॅडम."

त्यांनी पाकीट उचललं.

रस्त्यावर आल्या तेव्हा एक वाजत आला होता. ऐंशी हजार कुठून उभे करणार? पेन्शन महिन्याची महिन्याला संपत होती. ज्यांच्याकडे मागता येईल अशी माणसं एकतर गेली होती, नाहीतर त्यांच्याकडून नवऱ्याच्या वेळीच मागून झालं होतं. चालता चालता त्यांचं डोकं एका वेगळ्याच कामाला लागलं. खऱ्या वीस कुठे घालायच्या? दोन वर, मग दर आठ-नऊ नोटांमागे एक. मोजणारं बोट दमतं साठ-सत्तरच्या पुढे, लक्ष उडतं बंद व्हायच्या वेळेला. हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? बसथांब्याच्या बाकावर बसून त्यांनी मांडीवर पदराआड नोटा लावल्या. दोन गड्ड्या केल्या.

शाळेत पोहोचल्या तेव्हा दीड वाजला होता. पोर रांगेतून हात हलवत होती. "मावशी, अगं किती उशीर! जीव जायची वेळ आली माझा. ड्राफ्ट दे."

"बँकेत गर्दी होती. रोखच भरू."

खिडकीशी बसलेली मुलगी नवखी होती. शेजारचं मोजणीचं यंत्र कापडाखाली झाकलेलं, वर चिठ्ठी, 'बंद आहे'. ती ओठ हलवत मोजायची, मध्येच चुकायची, पुन्हा पहिल्यापासून. मागची माणसं खेकसत होती. दोनला दहा कमी असताना यांचा नंबर आला.

मुलीने पहिली गड्डी घेतली. एक, दोन, तीन. चौथ्या नोटेला अंगठा थबकला. तिने नोट चोळली. पुन्हा चोळली. मग मान वर करून विचारलं, "बाई, या तपासून आणल्यात ना? नाही म्हणजे, तूट आली की माझ्या पगारातून जाते."

कॅशियरबाई काही बोलायच्या आत पोर अभिमानाने पुढे झाली. "अहो, माझी मावशी चौतीस वर्षं बँकेत होती. हेड कॅशियर! तिने स्वतः मोजल्यात."

मुलीचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अय्या, मग काय बघायचं!" ती हसली. तिने नोटा भराभर मोजल्या, आता न चोळता, न थबकता. दुसरी गड्डीही तशीच. एकशे ऐंशी. पावतीपुस्तक ओढलं, पोरीचं नाव लिहिलं आणि शिक्का उचलला.

पोरीने कॅशियरबाईंचा दंड घट्ट धरला होता.

"थांब," कॅशियरबाई म्हणाल्या. "शिक्का मारू नकोस. यात खोट्या आहेत."

पुढचं सगळं गोंगाटात झालं. मुलगी घाबरून किंचाळली, मग संतापाने रडत ओरडायला लागली. "मला फसवत होता! माझ्या पोटावर पाय देत होता!" साहेब आले, पोलीस आले. मागच्यांची रांग दुसऱ्या खिडकीला वळली. पोर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी होती. दोन वाजले. साहेबांनी यादीवर रेघ मारली आणि प्रतीक्षायादीतल्या पहिल्या नावाला फोन लावला.

पोलिसांनी कॅशियरबाईंना चार तास बसवून घेतलं. कधी कळलं, असं विचारल्यावर त्यांनी चष्मेवाल्याचं नावही काढलं नाही. "खिडकीशीच," त्या म्हणाल्या. "तिच्या हातात बघून संशय आला, म्हणून हात लावून पाहिला." पोलीस मान डोलवत म्हणाला, "जुनी माणसं! बोटं बघा अजून कशी आहेत." आणि तसंच लिहून घेतलं.

घरी आल्यावर धाकटीने पाणीसुद्धा विचारलं नाही. पोरीने सगळं सांगितलं होतं. मशीनच्या रिकाम्या जागेसमोर ती स्टुलावर बसून होती.

"ताई, एकच सांग. तिथे हात लावल्यावर कळलं. मग इथे एकशे ऐंशी नोटा मोजल्यास तेव्हा कसं नाही कळलं?"

कॅशियरबाई उभ्याच राहिल्या. पोलिसांना सांगितलेलं खोटं इथेही चाललं असतं. थोडं वळवून सांगायचं इतकंच.

"तिथेही हाताला कळलं नाही. बँकेत मशीनने सांगितलं. मला दोन वर्षं बोटांनी काही कळत नाही."

"दोन वर्षं?"

"हो."

"आणि पोर खाली दुकानात जाते म्हणत होती, तेव्हा?"

"तेव्हाही ठाऊक होतं."

धाकटी उठली. तिने सुयांच्या डबीतली एक सुई घेतली, बहिणीचा हात ओढला आणि बोटाच्या शेंड्यात टोचली. रक्ताचा थेंब आला. कॅशियरबाईंचा हात हलला नाही. तेव्हा धाकटी मोठ्याने रडली, आणि रडता रडता म्हणाली, "माझ्या पोरीपेक्षा तुला तुझं नाव मोठं वाटलं गं, ताई."



तो माणूस सापडला नाही. मशीन महिन्याभराने दुसऱ्याच नावाने फोनवर विक्रीला दिसलं, तोच फोटो, पोरीने काढलेला. पोलीस पोहोचेपर्यंत तेही गेलं. खिडकीवरच्या मुलीची नोकरी टिकली, पण साक्षीसाठी दोनदा बोलावलं तेव्हा कॅशियरबाईंकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. चष्मेवाला पुढे दुसऱ्या शाखेत मॅनेजर झाला. पोर नर्स झाली नाही. ती म्हाताऱ्यांच्या आश्रमात रात्रपाळीला लागली, तीच कामं निम्म्या पगारात करते, आणि गणवेश घातलेल्या मुली भेटल्या की त्यांच्याशी जरा तोडून बोलते. मावशीशी ती दोन महिन्यांनी बोलायला लागली. धाकटीला वर्ष लागलं. तिने हाताने शिवण चालू ठेवलं, डोळे गेले तेव्हा थांबवलं.

कॅशियरबाई अजून त्याच घरात आहेत. महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शन आणली की न मोजता धाकटीच्या हातात देतात. धाकटी एकेक नोट चोळून बघते, आणि तिचं होईपर्यंत त्या समोर बसून राहतात.