वाहती शीर

पोटात सुई घालून यकृतातली गाठ जाळली, तेव्हा वस्तादला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. वस्ताद म्हणजे प्लंबर. भिंतीतला कितीही हट्टी पाइप त्याच्यापुढे नांगी टाकायचा, म्हणून हे नाव. पण डॉक्टरबाईंनी गाठीचा जुना फोटो आणि जाळल्यानंतरचा फोटो पडद्यावर एकावर एक ठेवला. जळलेली जागा काळी, गाठ पांढरी. काळ्याने पांढऱ्याला झाकून भोवतीचं थोडं निरोगी मांसही घेतलं होतं. फक्त एका कडेला पांढरी कोर शिल्लक होती.

"इथून ती परत वाढेल," बाई म्हणाल्या. "शेजारीच मोठी शीर आहे. वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं, कडेच्या पेशी जळतच नाहीत."

वस्तादची बायको भडकली. "म्हणजे पुन्हा सुई? पुन्हा सगळं पहिल्यापासून?"

वस्ताद मात्र पडद्याजवळ सरकून ती कोर निरखू लागला. तांब्याचा पाइप डाग देऊन जोडताना आत पाणी राहिलं, की कितीही ज्योत धरा, सांधा तापत नाही, हे त्याने आयुष्यभर पाहिलेलं. आपल्या पोटातही तोच कायदा चालतो! त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. भीती होतीच, पण त्याहून जास्त नवल वाटत होतं.

आणि मग या शहाण्याने काय करावं? पाणी पिणंच सोडलं! पाइप कोरडा तर सांधा पक्का. बायकोने दिलेला पेला तो गुपचूप कुंडीत ओतायचा. दुसऱ्यांदा जाळायच्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्याची सुकलेली जीभ पाहिली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि काम पुढे ढकललं. किडन्या कुरकुरायला लागल्या होत्या.

"अहो, खरं सांगा, पाणी पीत होतात ना?" बायकोने विचारलं.

वस्तादने खरं सांगितलं, कोरड्या पाइपाचा हिशोबही सांगितला. तिने कपाळावर हात मारला. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा! जन्मभर लोकांच्या घरी पाणी पोचवलंत, आणि स्वतःचंच तोडलंत? तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?" ओरडता ओरडता ती रडायलाच लागली.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "विचार बरोबर होता हो, जागा चुकली. सगळं रक्त आटवायचं नाही. त्या शिरेच्या तेवढ्या एका फांदीत बारीक नळी सरकवायची, टोकाचा फुगा फुगवायचा. प्रवाह थांबला की राहिलेली कड जाळायची, आणि फुगा उतरवायचा."

"म्हणजे आत व्हॉल्व्ह?" वस्तादचा आ वासला.

"तसंच समजा."

"आणि मग परत चालू होईल ती?"

"बहुतेकदा होते. कधी गुठळी धरते, शीर कायमची बंद पडते. म्हणून ऊठसूट कुणाला करत नाही."

सलाइनवर किडन्या सावरल्या, मग ते काम झालं. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा फोटोवर फोटो ठेवला. पांढरी कोर गेली होती. काळ्याचा काठ आता सगळीकडून गाठीच्या बाहेर होता.

"आता नाही ना येणार परत?" बायकोने विचारलं.

"या जागी शक्यता फार कमी. पण यकृत तेच आहे, त्यातला काविळीचा जुना विषाणूही तोच. त्याची गोळी रोज, न चुकता. आणि तपासणीला येत राहायचं. नवी गाठ उगवलीच, तर लहान असतानाच गाठायची."

बायकोने मान डोलावली. वस्तादच्या मनात मात्र वेगळंच अडकलं होतं. "बाई, ती फांदी? चालू झाली का?"

बाईंनी त्याच्या बरगडीखाली सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं, इकडेतिकडे फिरवलं आणि आवाज वाढवला. आधी नुसती खरखर. वस्तादने श्वास रोखला. मग सूं सूं करत, न थांबता वाहणारा आवाज खोलीभर पसरला.

आपण झोपलो असताना कुणीतरी आतलं रक्त अडवलं, आग लावली, आणि पुन्हा सोडून दिलं. आणि ते निमूट आपल्या वाटेला लागलं. वस्तादला भरून आलं.

"बापरे! एवढं सगळं आत चालू असतं होय गं?"

"श्श," बायको त्याचा हात घट्ट धरून म्हणाली, "बोलू नका. मला ऐकू द्या."