जंतू वाढवणारी पेटी आणि बसवाली मावशी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पण मला कपड्यांची किंवा धान्याची समजू नका. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, हात धुण्याच्या बेसिनशेजारी मी उभी असते. माझे काम ऐकून तुम्ही नाक मुरडाल. मी जंतू वाढवते! माणसाच्या अंगात असते तेवढीच ऊब मी पोटात धरून ठेवते. त्या उबेत, बशीतल्या जेलीसारख्या अन्नावर रोगजंतू मजेत वाढतात. वाढले की दिसतात, आणि दिसले की त्यांची परीक्षा घेता येते.

ज्या कारागिराने मला घडवले, त्याने मला दिवसभर तापवून पाहिले आणि "ही दगा देणार नाही" म्हणत पाठीवर थाप मारली. त्याचा शब्द मी राखला. माझा रंग उडाला, मूठ तुटली, तिच्या जागी कपाटाची मूठ आली. पण ऊब मी ढळू दिली नाही.

एके सकाळी एक बाई छोटी बाटली घेऊन आल्या. आमच्या तपासनीस ताईंना त्या म्हणाल्या, "माझ्या नणंदेची लघवी आहे. वरच्या मजल्यावर ॲडमिट आहे ती. हुडहुडी भरून ताप येतोय, पाठ धरलीये."

नणंद शाळेची बस चालवायची. मुले तिला बसवाली मावशी म्हणत. वाटेत कुठे धड संडास नाही, म्हणून ती पाणीच पीत नसे. लघवीला जळजळ होऊ लागली, तरी लाजेने डॉक्टरांकडे गेली नाही.

"काही औषध घेतलं होतं का?" ताईंनी विचारले.

वहिनी घुटमळल्या. "माझ्या गोळ्या उरल्या होत्या, त्याच दिल्या. बरं वाटलं की बंद करायची. पुन्हा त्रास झाला की पुन्हा एकदोन."

ताईंनी बाटलीतली लघवी बशीवर पसरली आणि बशी माझ्या हवाली केली. दुसऱ्या दिवशी जंतू भरभरून उगवले. मग ताईंनी ते नव्या बशीवर पसरले आणि वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवल्या. जे औषध लागू पडते, त्याच्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत.

डॉक्टरीणबाई सारख्या खाली डोकावत होत्या. "दिसतंय का काही? ताप हटत नाहीये हो. चालू आहे ते इंजेक्शन काम करत नाही, असं वाटतंय मला."

"उद्या सकाळी सांगते. जंतूंना वाढायला वेळ तर हवा!"

मी दार घट्ट मिटून बसले. वर एक बाई तापाने फणफणत होती, आणि तिचे उत्तर माझ्या पोटात होते.

सकाळी ताईंनी बशी उजेडात धरली. बहुतेक चकत्यांना जंतू अगदी खेटून वाढले होते. वहिनींची गोळी नापास! चालू इंजेक्शन नापास! पण एका चकतीभोवती स्वच्छ, रुंद कडे पडले होते. "हे चालेल!" ताई ओरडल्याच. डॉक्टरीणबाईंनी लगेच औषध बदलले आणि हळूहळू मावशीचा ताप उतरला.

वहिनींना मात्र चैन पडेना. "मी तिचं बरं करायला गेले आणि..."

ताईंनी त्यांना झाकणाआडून बशी दाखवली. "अर्धवट गोळ्यांनी दुबळे जंतू मरतात. चिवट असतात ते उरतात, आणि त्यांचीच पिलावळ माजते. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? आता चारचौघींना सांगा म्हणजे झालं."

मित्रांनो, मी कोणाला बरे करत नाही. पण कोणते औषध लागू पडेल, हे माझ्याकडे पाहून कळते, आणि याचा मला फार अभिमान आहे. माझी एक विनंती ऐका. उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नका, कोणाला देऊही नका. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध घ्या. आणि आई, ताई, मावशी लघवीच्या त्रासाबद्दल बोलायला लाजत असतील, तर त्यांना सांगा, यात लाजण्यासारखे काही नाही.

पुढे मावशी स्वतः प्रयोगशाळेत आली. शाळेने तिला दोन फेऱ्यांच्या मध्ये थांबायला वेळ आणि जागा दिली होती, आणि आता ती पोटभर पाणी पीत होती.

"कुठंय ती पेटी?" म्हणत तिने माझ्या दारावर हात ठेवला आणि दचकून मागे घेतला. "अगंबाई, हिला तर कणकण आहे!"

"ती कायमचीच," ताई म्हणाल्या. "म्हणून तर तुमचा ताप गेला!"