लाल टाका

“काका, माझा गाउन कुठाय?”

न्हाणीघराच्या दारातून नुसतं डोकं बाहेर काढून छकुली ओरडली. पोस्टाच्या खिडकीवर बसून दिवसभर लोकांना रांगेत उभं करणारी बाई, दोन लेकरांची आई आणि वर तिसऱ्याचा सातवा महिना. पण माहेरच्या घरात तिला छकुलीखेरीज दुसरं नाव नव्हतं. अंगाभोवती एक टॉवेल होता आणि तो बिचारा आपल्या परीने शर्थ करत होता.

घर वर आणि खाली लाँड्री. जिन्याच्या तोंडाशीच काकांचं इस्त्रीचं टेबल.

“कुठला गाउन गं?” खालून आवाज आला.

“निळा, मोठ्या फुलांचा. काल धुवायला टाकलेला. दुसराही त्याच्याबरोबरच होता.”

इस्त्रीचा आवाज थांबला. काकांची इस्त्री थांबली की काहीतरी घोटाळा झालाय असं समजायचं, हे या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“ते... बेकरीवाल्या बाईंचे नव्हते?”

“काका!”

“अगं, एवढा घेर! म्हटलं, दुसरं कोण असणार?”

“आणि पोरांचे कपडे?”

“डॉक्टरांच्या घरी. त्यांची नातवंडं आलीत ना सुट्टीला. दादा गेलाय गठ्ठे पोचवायला.”

ठकू आणि गुंडू यांना हे ऐकून आनंदाचं भरतं आलं. अंगात घालायला काहीच नाही, म्हणजे बनियनवर दिवसभर हुंदडायची परवानगीच मिळाली असं त्यांनी परस्पर ठरवलं आणि दोघं खिदळत जिना उतरून गेली.

वहिनी हसू दाबत वर आली. हातात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा कोट होता. “हॉटेलच्या आचाऱ्याचा आहे. दुकानात याच्याहून मोठं काही नाही, पडदे सोडले तर.”

कोट घालून छकुली आरशासमोर उभी राहिली. बटणं पोटापर्यंत लागली, पुढे त्यांनी हात टेकले. दोघी पोट धरधरून हसल्या. छकुलीच्या पोटातल्यानेही एक सणसणीत लाथ घालून हजेरी लावली.

पण हसताहसताच तिच्या मनात कालपासून रुतलेली गोष्ट पुन्हा टोचली. आई होती तोवर या घरात पाऊल टाकलं की पाण्याच्या आधी बॅग उघडली जायची. आई सुई घेऊन बसायची आणि प्रत्येक कपड्याच्या गळपट्टीत आतून लाल दोऱ्याचे दोन टाके घालायची. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर शाईचे आकडे, घरच्यांना लाल टाका. कपडे एकाच हौदात जाणार, तेव्हा ही खूण हवीच. दर धुण्यात तो दोरा थोडा विटायचा, म्हणून दर उन्हाळ्यात टाका नवा.

आई हिवाळ्यात गेली. काल छकुली आली, तेव्हा वहिनीने हसून स्वागत केलं, सरबत दिलं आणि बॅग अलगद उचलून कोपऱ्यात ठेवली. शेवटी छकुलीनेच ती उघडून आतले सगळे नवे कोरे कपडे वापरण्याआधी धुण्यात टाकले, तोवर ती तशीच बंद होती. पाहुण्यांची ठेवतात ना, तशी.

आणि तिला तर मागणं मागायचं होतं. बाळंतपणात ठकू-गुंडूला महिनाभर इथे ठेवून घ्याल का? गुंडूच्या वेळी ठकूला आईने ठेवलं होतं, तेव्हा विचारावंच लागलं नव्हतं. आता विचारायचं म्हटलं की ती दुसराच विषय काढत होती. पाहुणीने आपली पोरं कुणाच्या गळ्यात कशी घालायची?

काकांनी फोन केल्यावर दादा पुन्हा दोन्ही घरी गेला आणि दुपारी गठ्ठा घेऊन परत आला. डॉक्टरांकडचे कपडे जसेच्या तसे मिळाले होते. “पण बेकरीवाल्या बाईंनी निळा गाउन घातलासुद्धा होता! सोडवत नव्हता त्यांना, कसाबसा परत आणला. कुठून घेतला, विचारून ये म्हणाल्या.”

काका ओशाळून जिन्याशी उभे होते. “माझं चुकलं, बाई. पण खूण नव्हती गं. आकडा धुण्यात गेला असेल म्हटलं. घरचा असता तर लाल टाका नसता का?”

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. दादा जमिनीकडे बघू लागला. आचाऱ्याच्या कोटातली छकुली इतका वेळ हसत होती, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“बरोबर आहे काकांचं,” ती म्हणाली. “टाका आई घालायची. आता मी गिऱ्हाईकच.”

वहिनी ताडकन उठली आणि आत गेली. छकुलीला वाटलं, झालं, दुखावलं आपण हिला. पण वहिनी लगेच आली, मुठीत लाल रीळ घेऊन. रिळात सुई खोचलेली होती आणि सुईत हातभर दोरा तसाच ओवलेला होता.

“आईंनी ठेवली होती तशीच आहे,” वहिनी म्हणाली. “काल तुझी बॅग उघडायला दोनदा हात पुढे केला मी. पण धीर झाला नाही. वाटलं, तू म्हणशील, आई गेली नाही तोच ही तिच्या जागी बसायला निघाली.”

“वहिनी, तुम्ही पण ना!” छकुली रडता रडता हसली. “बसा की. जागा रिकामीच आहे.”

वहिनी खाली बसली. आधी ठकूचा फ्रॉक घेतला, मग गुंडूचा शर्ट. टाके वाकडे येत होते. काका मान लांब करून बघत होते.

“या दोघांचे दोन-दोन जोड इथेच राहू देत,” वहिनी शिवता शिवता म्हणाली. “तुझी वेळ आली की पोरं इकडेच येणार ना? उगाच पिशव्या कोण वाहणार!”

छकुलीने मान डोलावली आणि आचाऱ्याच्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

शेवटी निळ्या गाउनची पाळी आली. पहिला टाका पुरा झाला आणि आईने ओवलेला दोरा संपला. वहिनीने रिळाचा नवा दोरा ओढला, टोक ओठांत ओलं केलं आणि सुईत ओवलं. जुन्या दोऱ्याचं इवलंसं टोक उरलं होतं, ते तिने कापलं नाही. त्यालाच नवा दोरा बांधला, गाठ कापडाच्या आतल्या बाजूला सारली आणि दुसरा टाका घातला.