मर्डोने घेतलेलं नाव

कॅनडातल्या केप ब्रेटनच्या किनाऱ्यावर त्या काळी मत म्हणजे कागदाचा कपटा नव्हता. चौथऱ्यावर चढायचं, साऱ्या गावासमोर उमेदवाराचं नाव घ्यायचं आणि उमेदवाराने वाकून आभार मानायचे. लपवाछपवीला जागाच नव्हती.

लॅकलन मॅकफी खारवलेल्या हेरिंग माशांचा व्यापारी. बंदराला लाटा अडवणारा धक्का हवा म्हणून हा भला माणूस राजकारणात पडला. त्याची बायको मोराग सकाळपासून गर्दीत उभी होती, पण खरं सांगायचं तर तिचा जीव धक्क्यात नव्हता, भावात होता. तिचा भाऊ मर्डो मासे भरायची लाकडी पिंपं बनवायचा. अकरा वर्षांपूर्वी त्याची चाळीस पिंपं गळकी म्हणून लॅकलनने भर बंदरात परत पाठवली. तेव्हापासून मर्डोने मेहुण्याचं नाव टाकलं. बोलायची वेळ आलीच तर 'तो मासेवाला' म्हणायचा. मरायच्या आत एकदा भावाच्या तोंडून नवऱ्याचं नाव ऐकावं, एवढंच बिचारीचं मागणं. आणि आज हा बाबा मत न देता समोरच्या कुंपणावर पाईप ओढत बसलेला.

पाच वाजता मतदान संपणार होतं. दहा मिनिटं उरली तेव्हा लॅकलन एका मताने पुढे होता. तिथली रीत अशी, की उमेदवाराने आपलं मत प्रतिस्पर्ध्याला द्यायचं. त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या वकील कीटिंगने ती सकाळीच धाब्यावर बसवून, घसा खाकरत, स्वतःचंच नाव घेतलं होतं.

लॅकलन मत द्यायला निघाला तशी मोरागने त्याची बाही धरली. "उगाच मोठेपणा करू नकोस. गप्प बसलास तरी जिंकशील."

"आणि उद्या गावाला तोंड कोणतं दाखवू?" म्हणत तो वर चढला आणि कीटिंगचं नाव घेऊन खाली आला. मतं समसमान झाली. मोरागने कपाळावर हात मारला. असा कसा गं बाई हा माणूस! तिला राग आला, आणि त्याच रागात तो फार आवडलाही.

तेवढ्यात मर्डोने पाईप झटकला आणि तो चौथऱ्यावर चढला.

"त्या मासेवाल्याला," तो पुटपुटला.

असं चालत नाही, नाव घ्यावं लागेल, अधिकारी म्हणाला. मर्डो बुटांकडे बघत राहिला. नव्या नवरीला नाव घ्यायला लागत नाही एवढा वेळ त्याला लागला.

"लॅकलन," मर्डो म्हणाला. "लॅकलन मॅकफी. आपलं मत त्या वकिलाला देणारा वेडा. आणि लिहून घ्या, पिंपं चांगली होती."

लॅकलन रीतीप्रमाणे वाकला, तो बराच वेळ वर उठेना.

"आभारी आहे, मर्डो," तो म्हणाला. "चाळीस नव्हती गळत. चारच गळत होती."

"तीन," मर्डो म्हणाला.

मोराग ओक्साबोक्शी रडू लागली. नवरा निवडून आला म्हणून रडतेय, असं लोकांना वाटलं.