बाबांच्या कानातून ऐकलेली राजधानी

मी कानात घालायचं मशीन बोलतोय. करंगळीच्या पेराएवढा माझा देह, रंग कातडीचा, म्हणजे कुणाला दिसू नये. कारखान्यातला बॉयलर फुटला त्या दिवशी बाबांचे कान गेले आणि त्यांच्या धाकट्या भावाचा जीव गेला. महिन्याभराने त्यांच्या लेकीने मला घरी आणलं. पहिला आठवडा बाबा भांडी घासल्याचा आवाजसुद्धा कौतुकाने ऐकत बसायचे.

मग चौकशी समितीने बाबांना साक्षीला राजधानीत बोलावलं. बाबा, लेक आणि मी, तिघंही तिथे पहिल्यांदाच. राजधानी दोन भाषांची. मला वाटलं, चला, ऐकायची चंगळ!

कसली चंगळ! स्टेशनातच किळस यायला लागली. प्रत्येक सूचना दोन्ही भाषांत, आणि ऐकणारा एक नाही. लोकांचं खाकरणं, पचापच थुंकणं, हॉर्न, सगळं थेट माझ्या अंगावर. समितीच्या इमारतीत 'स्वच्छतागृह' हा शब्द दोन्ही भाषांत सुबक रंगवलेला, आणि दाराला कुलूप. लोकांनी जिन्याचा कोपरा तेवढा बाटवून ठेवला होता.

फाटकावरचा शिपाई आमच्या भाषेत गोड आवाजात म्हणाला, "बसा हं काका." लगेच तोंड फिरवून सोबत्याला दुसऱ्या भाषेत म्हणाला, "आलं आणखी एक बहिरं बुजगावणं." दोघेही खिदळले. बाबांना ती भाषा कळत होती. तीस वर्षं त्याच भाषेतल्या साहेबांच्या हाताखाली काढली होती त्यांनी.

"काय म्हणाला हो?" लेकीने विचारलं.

"बसा म्हणाला."

आत लांब टेबलामागे तीन अधिकारी आणि कडेला दुभाष्या. बाबा उभे राहिले आणि आमच्या भाषेत सांगू लागले. वाफ सोडायची झडप स्फोटाच्या आदल्या दिवसापासून अडकत होती. भावाने साहेबांना दोनदा सांगितलं, बॉयलर बंद करू द्या. साहेब म्हणाले, आधी माल जाऊ दे, मग बघू. एवढं सांगताना बाबांनी प्रत्येक वाक्य दोनदा सांगितलं. दुभाष्याने घड्याळ पाहिलं आणि दुसऱ्या भाषेत उरकून टाकलं, "झडप बिघडली होती. बाकी नीट आठवत नाही म्हणतो."

ते वाक्य मी बाबांच्या कानात सोडलं. नाइलाज होता. घाण गाळून घ्यायची सोय माझ्यात नाही.

बाबांनी टेबलावर हात टेकला आणि त्याच दुसऱ्या भाषेत, मोडकंतोडकं का होईना, मोठ्याने म्हणाले, "आठवतं. सगळं आठवतं. भाऊ बोलला, बंद करा. साहेब बोलला, चालू ठेवा. लिहा!"

दुभाष्या खाली बघू लागला. मधल्या अधिकारी बाईंनी मान हलवली आणि टाइपरायटर खडखडला. त्या अख्ख्या शहरात मला आवडलेला तेवढा एकच आवाज.

सहा महिन्यांनी अहवाल आला, दोन भाषांत. आमच्या भाषेतल्या प्रतीत बाबांचं बोलणं आहे. दुसरी प्रत बाबांनी कारखान्यातल्या पाट्यांवरून शिकलेल्या अक्षरांच्या जोरावर दोन दिवस बोट फिरवत वाचली. तिच्यात 'साहेब बोलला, चालू ठेवा' हे वाक्यच नाही. आणि साहेबांचे वरचे साहेब वाचतात ती तीच.

"परत त्या उकिरड्यात जायचं?" लेकीने विचारलं.

"जायचं," बाबा म्हणाले. "मशीनचा सेल बदल."

मी आता जुना झालोय, मधेच शिट्टी मारतो. तिथलं काही ऐकायची मला हौस उरलेली नाही. तरी पोरी, सेल आठवणीने बदल. त्या लोकांपुढे बाबांना माझ्याशिवाय उभं करू नकोस.