मंगळवारची हजेरी

"आण तुझा बिल्ला," तानाजी म्हणाला आणि हात पुढे केला.

सीतारामकाकांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. नौपाड्यातल्या त्या बागेत सकाळी साडेदहाला असणार कोण? एक माळी पाण्याचा पाइप ओढत होता, बस. तरी काकांनी आपला फोन असा खालून सरकवला, जसा काही चोरीचा माल. तानाजीने तो शर्टाच्या खिशात टाकला, वरून थोपटला आणि मानेने खूण केली, सूट आता.

फोन जवळ असताना एक शब्द बोलायचा नाही, असं दोघांचं ठरलेलं. आणि हा बाबा सुरुवातच बोलून करतो!

त्याचं असं झालेलं. गेल्या दिवाळीआधी काका बँकेच्या रांगेत चक्कर येऊन पडले. कुणी उचललं, कुणी पाणी पाजलं, पण त्यांच्या मुलीला, योगिनीला कळायला तीन तास गेले. योगिनी तिथेच नौपाड्यात एका दवाखान्यात रिसेप्शनला. आई वारलेली, घरात बापलेक दोघंच. ते तीन तास तिच्या डोक्यातून गेलेच नाहीत. पुढच्याच आठवड्यात तिने एका मोबाइलच्या दुकानातून बाबांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून आणलं. तेव्हापासून बाबा म्हणजे तिच्या स्क्रीनवरचा एक निळा ठिपका. ठिपका घर आणि बाग सोडून बाहेर गेला, की हिचा फोन कोकलायला लागतो.

ठिपक्याचं काकांना काही वाटलं नाही. पोरगी काळजी करते, करू दे. पण एकदा जेवताना ती हसत म्हणाली, "बाबा, वांगी तिखट झालेली तर मला सांगा ना. तानाजीकाकांना काय सांगता?"

काकांचा घास हातातच राहिला. वांग्याचं ते बागेतल्या बाकावर बोललेले. बाकावर दोघंच होते. आणि खिशात फोन.

योगिनीने जीभ चावली. "नेहमी नाही हो ऐकत. तुम्ही फोन उचलला नाहीत, तरच."

काकांनी खाली बघून ताट संपवलं.

आता हे काका कोण, तर एकतीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या पंख्यांच्या कारखान्यात टाइमकीपर. गेटच्या आत लाकडी बोर्ड, बोर्डावर चारशे बारा खिळे, प्रत्येक खिळ्याखाली नंबर. कामगार आला की आपला पितळी बिल्ला खिळ्याला लावणार. आठ वाजून पाच मिनिटांनी काका बोर्डाची काच ओढून घेणार. रिकामा खिळा म्हणजे माणूस गैरहजर. कुणाचा बिल्ला तेलकट, कुणाचा घासून गुळगुळीत, कोण सोमवारी हमखास लेट, सगळं पाठ. दोनशे सतरा म्हणजे तानाजी, पॉवर प्रेसवर. त्याच्या बायकोचं बाळंतपण अवघड गेलं तेव्हा हा दोन महिने रोज वीस मिनिटं लेट यायचा, आणि दोनशे सतरा मात्र रोज आठच्या आत बोर्डावर. कसा काय? ते काकांना विचारू नका.

म्हणूनच वांग्याचं कळल्यावर तानाजी म्हणाला, "तू माझा लावलास ना? मी तुझा लावतो." फोन काकांनी घरीच ठेवलेला तेव्हा, चार्जिंगला. मग दर मंगळवारी तानाजी काकांचा ठिपका बागेत फिरवायचा आणि काका टिटवाळा गाडी धरून आंबिवलीला जायचे. तानाजी चालायचा इतका झपाझप, की संध्याकाळी योगिनी खूश. "बाबा, आज आठ हजार पावलं! मस्त!"

आंबिवलीला शाळेमागच्या चाळीत विमलाबाई राहायच्या. कारखान्याचं कँटीन चालवलेली बाई. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, आता डोळेही गेलेले. मुलगा महेंद्र सकाळीच कामावर जायचा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली चटई, कोपऱ्यात शेगडी. शेगडी त्या अंदाजाने बरोबर पेटवायच्या.

"या टाइमकीपर. आज लेट."

"गाडी लेट होती, बाई."

"तुम्हालापण सगळे हेच सांगायचे ना?"

काका हसत खाली बसले. आणि मग त्यांचं ते सुरू झालं, दर मंगळवारचं. काका बोर्ड वाचायचे, समोर बोर्ड नसताना.

"एकशे एक, हरिहर."

"दोन चहा एकदम. एक प्यायचा, एक थंड करत ठेवायचा. येडाच तो."

"एकशे दोन, आनंद."

"बिनसाखरेचा. आणि बिस्किटं खिशात घालायचा, घरी पोरांना. मला दिसायचं. मी बघायचे नाही."

"एकशे तीन, सखाराम."

सखाराम जाऊन सहा वर्षं झालेली. काका त्याला गाळायचे नाहीत. बाईसुद्धा गाळायच्या नाहीत. "आलं जास्त. खोकला होता ना त्याला." कारखाना पाडून तिथे कधीच काचेची बिल्डिंग झाली होती. पण ह्या दहा बाय बाराच्या खोलीत एक एक करून अख्खी पहिली पाळी आत यायची, तेलाचे हात पुसत, बाकड्यांवर जागा धरत, आणि बाई प्रत्येकाचा चहा अचूक द्यायच्या.

"दोनशे सतरा, तानाजी."

"त्याला चहा काय विचारायचा! प्रेसवरून ओरडायचा, मला कँटीनमध्ये ऐकू यायचं."

खोलीत एकदम अंधारल्यासारखं झालं. दारात योगिनी उभी होती. गळ्यात दवाखान्याचं कार्ड, हातात काकांचा फोन.

झालेलं काय, तिने काकांना फोन लावला. वीस वर्षं प्रेसच्या धडधडाटात काढलेल्या तानाजीला खिशातली रिंग कुठली ऐकू येणार? मग हिने अ‍ॅपचा तो ऐकायचा कान चालू केला. नेमकं तेव्हाच माळ्याने विचारलं, "तुमचे दोस्त कुठायत?" आणि तानाजी आपल्या परीने कुजबुजला. प्रेसवाल्यांचं कुजबुजणं ते! आंबिवली, मंगळवार, विमलाबाई, शाळेमागची चाळ, सगळं त्याने अख्ख्या बागेला ऐकवलं. हिने थेट बाग गाठली, त्याच्या खिशातला फोन काढून घेतला आणि आंबिवलीची गाडी धरली.

"बाबा," योगिनी म्हणाली. "इथे पडला असतात तर?"

काकांनी सरकून तिला चटईवर जागा केली.

"मी कुठे शोधलं असतं तुम्हाला? त्या बागेत फिरत बसले असते, त्या ठिपक्यामागे!" तिचा आवाज फाटला.

"चुकलं माझं."

"चोरून कशाला यायचं पण? मी नको म्हटलं असतं का?"

"विचारावं लागलं असतं ना."

काकांनी चटईची एक सुटलेली काडी बोटाने आत सारली.

"एकतीस वर्षं मी लोकांची हजेरी घेतली, योगिनी. आत कोण आलं ते लिहिलं. भोंग्यानंतर कोण कुठे गेलं, कुणाशी काय बोललं, ते नाही लिहिलं. साहेब म्हणालेला, गेटबाहेर युनियनवाल्यांबरोबर कोण कोण बसतं, नावं दे. नाही दिली. सहा महिने रात्रपाळी लावली मला. तू लहान होतीस, रडायचीस, बाबा झोपायला घरी का नाही म्हणून."

मग विमलाबाई दाराच्या दिशेने वळल्या. "पोरी, उभी का? बस. तुझा चहा कसा?"

"कमी साखर," योगिनी म्हणाली आणि ओढणीने डोळे पुसत खाली बसली.

चहा पिता पिता तिने काकांच्या फोनमध्ये इथे तिथे बोट फिरवलं. "ऐकायचं काढून टाकलं. हे बघा, बंद. पण ठिपका राहू दे, बाबा. मला तेवढा तरी लागतो."

"राहू दे की."

"आणि आंबिवलीपण टाकलंय त्यात. या तुम्ही मंगळवारी, वाजणार नाही."

तिने दाखवलेला स्क्रीन काकांना काही कळला नाही. ते हो म्हणाले.

पुढच्या मंगळवारी काका फोन खिशात घालूनच निघाले. येतो म्हणून योगिनीला सांगितलं, तिने डबा दिला, बाईंसाठी पण. आंबिवलीला पोचले, चटईवर बसले.

"दोनशे अठरापासून राहिलंय," बाई म्हणाल्या.

"दोनशे अठरा, यशवंत."

"कोण?"

"यशवंत."

"घसा बसलाय का तुमचा?"

काकांनी छातीवर हात नेला. शर्टाच्या आत फोन गरम लागत होता. योगिनी खोटं बोलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बंद म्हणाली, म्हणजे बंद. त्यांनी घसा खाकरला. "दोनशे एकोणीस," ते म्हणाले, आणि आवाज आणखीच खाली गेला.

हाताने चाचपत विमलाबाई चटईवरून थोड्या पुढे सरकल्या, आणि मान कलती करून कान काकांच्या तोंडाजवळ आणला.